आठवणींचं बचत खातं

परीक्षा आधी की अभ्यास आधी, हा वाद कोंबडी-अंड्याच्या वादापेक्षा पुष्कळ सोपा आहे. परीक्षा आधी. अभ्यास हा वेळापत्रक लागल्यावर सुरू होतो, हे आपल्यापैकी कुणीही शपथेवर सांगेल. पण जगात परीक्षांचं एक घराणं असं आहे, की त्यातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच होतं : ‘आमच्या परीक्षेचा अभ्यास करता येत नाही. करू नका. उपयोग नाही.’ विद्यार्थिदशेत हे वाक्य माझ्या कानांवर पडतं, तर मी त्या घराण्याचा आजन्म ऋणी राहिलो असतो. आमचे मास्तर नेमकं उलटं सांगायचे, आणि तेही छडी हातात घेऊन.

हे घराणं म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशपरीक्षांचं. कॉलेजात शिरण्यासाठी सॅट, पदवीनंतर पुढं शिकण्यासाठी जीआरई, व्यवस्थापन शिकायचं असेल तर जीमॅट. मी यातली एकही दिलेली नाही. मी बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. पण वाणिज्य शाखेच्या माणसाला एक खोड असते. तो इतिहाससुद्धा पासबुकासारखा वाचतो : तारीख, तपशील, नावे, जमा आणि शेवटी शिल्लक. आमच्या शाखेतल्या शिपाईमामांची मुलगी जीआरईच्या मागं लागली आणि त्या निमित्तानं मी या घराण्याचं जुनं पासबुक उघडून बसलो. मामांच्या मुलीकडे आपण येऊच. आधी खातं कसं उघडलं ते पाहू.

सॅट ही घरातली थोरली. तिचा जन्म १९२६ सालचा. जीआरईची नोंद १९३६ ची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया ही चार बडी विद्यापीठं आणि कार्नेगी फाउंडेशन यांनी मिळून तिचा प्रयोग सुरू केला. कारण अगदी आमच्या धंद्यातलं होतं. पदवी घेतलेली मुलं निरनिराळ्या कॉलेजांतून यायची आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या कॉलेजनं छापलेली गुणांची नोट असायची. या कॉलेजचे साठ म्हणजे त्या कॉलेजचे किती, हे कुणालाच सांगता येईना. थोडक्यात, विनिमयाचा दर हवा होता. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली की दर ठरला! १९४७ साली अशा परीक्षा घेणारी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था निघाली आणि लवकरच जीआरईही तिच्याच छपराखाली गेली. १९५४ साली व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांनी आपली चूल वेगळी मांडली. तिलाच १९७६ पासून जीमॅट म्हणू लागले.

आता या मंडळींना अभ्यासाचं वावडं का? त्यांचं म्हणणं असं, की आम्ही पाठांतर तपासत नाही, बुद्धीची मूळ कुवत मोजतो. उंची मोजायच्या पट्टीपुढं उभं राहण्यापूर्वी कुणी उंचीचा अभ्यास करतं का? युक्तिवाद तसा बिनतोड होता. फक्त एका माणसाला तो पटला नाही.

त्या माणसाचं नाव स्टॅन्ले कॅप्लान. जन्म १९१९, मुक्काम ब्रुकलिन, न्यूयॉर्क. ज्यू स्थलांतरितांचं घर, वडिलांचा नळजोडणीचा धंदा. पोरगा हुशार. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात उत्तम गुण मिळवले आणि डॉक्टर व्हायचं म्हणून पाच वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज केले. पाचही ठिकाणांहून नकार आला. आडनाव ज्यू आणि कॉलेज सरकारी, ही आपली दोन व्यंगं आहेत, असं त्याला कळून चुकलं. आपल्यासारख्याला खासगी कॉलेजातल्या पोरांशेजारी उभं करून मोजणारी एखादी पट्टी त्या वेळी असती, तर आपण आत गेलो असतो, असं तो जन्मभर म्हणत राहिला. म्हणून तो या परीक्षांच्या विरुद्ध कधीच नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की दार सगळ्यांना उघडं आहे असं सांगता, तर दारापर्यंत चालायला शिकवायला काय हरकत आहे?

१९३८ पासून तो आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या करत होता. १९४६ साली तिथं सॅटची तयारी सुरू झाली. परीक्षा झाली की पठ्ठ्या विद्यार्थ्यांना पार्टी द्यायचा. पोरं खाताखाता ‘तो त्रिकोणाचा प्रश्न आठवतो का रे?’ करत बसायची आणि कॅप्लानची माणसं कान टवकारून टिपून घ्यायची. आपल्याकडे पेपर सुटल्यावर शाळेच्या फाटकाशी हेच चालतं. फक्त पार्टी नसते आणि टिपून घेणाऱ्या आया असतात. पुढं त्याच्या वर्गांचा पसारा जीआरई, जीमॅटपर्यंत वाढला. परीक्षावाले ‘उपयोग नाही’ म्हणतच राहिले. शेवटी ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं चौकशी केली, आणि १९७९ साली निष्कर्ष बाहेर आला, की कॅप्लानच्या शिकवणीनं गुण वाढतात. फार नाही, पण वाढतात. उंचीचा अभ्यास करता येतो, हे सरकारी कागदावर आलं. १९८४ साली कॅप्लाननं आपला धंदा वॉशिंग्टन पोस्ट कंपनीला विकला. नळजोडणीवाल्याच्या पोरानं अशी नळजोडणी केली, की पाणी अजून वाहतं आहे.

पण पासबुकात जमेच्या नोंदीशेजारी खर्चाचीही असते. ज्या तळघरात फाटक्या खिशाची पोरं यायची, त्याची आता जगभर दुकानं झाली, आणि दुकान म्हटलं की भाडं, भाड्यामागं फी. परीक्षा संगणकावर आली, तेव्हा तर १९९४ च्या अखेरीस कॅप्लानच्या कंपनीनं आपलीच माणसं जीआरईला बसवली, प्रश्न पाठ करून आणले आणि तेच ते प्रश्न पुनःपुन्हा येतात, हे परीक्षावाल्यांना दाखवून दिलं. परीक्षावाल्यांनी आभार मानण्याऐवजी कोर्टात खेचलं. एकूण दाराशी आता दोन पहारेकरी झाले : एक परीक्षा घेणारा आणि दुसरा परीक्षेची तयारी विकणारा. मधल्या मधे सामान्य माणसाचं पोर उभंच.

आमच्या मामांची मुलगी अशीच उभी होती. पोरगी सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झालेली, दिवसा नोकरी करणारी. क्लासची फी विचारून मामा परत आले आणि शाखेत कुणाशी न बोलता स्टॅम्पपॅडला शाई घालत बसले. त्या दिवशी शाई जरा जास्तच पडली. म्हणून मी पासबुकाची मागची पानं उलटू लागलो : क्लास निघायच्या आधी लोक अभ्यास कसा करायचे, आणि त्यातला कुठला खरोखर पावला, याची कुणी नोंद ठेवली आहे का?

आहे. पहिली नोंद १८८५ सालची, जर्मनीतली. हरमान एबिंगहाउस नावाच्या गृहस्थानं सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड्या बनवल्या आणि त्या पाठ करायला घेतल्या. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. त्यामुळे तक्रार करायला कुणी नव्हतं. एखादी यादी पाठ व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. काही काळानं ती पुन्हा पाठ करायची. दुसऱ्यांदा जितका वेळ कमी लागला, तितकी आठवण शिल्लक. या शिलकीला त्यानं कोणता शब्द वापरावा? ‘बचत’! हे वाचल्यावर मी खुर्चीतच नमस्कार केला. माणूस तत्त्वज्ञानाचा, पण हाडाचा बँकर.

त्याच्या बचत खात्याचे आकडे मात्र छातीत धडकी भरवणारे आहेत. पाठ केल्यावर एका तासात बचत ४४ टक्क्यांवर आली होती. दुसऱ्या दिवशी साधारण ३४. महिन्याभरानं २१. म्हणजे पहिल्या तासात निम्म्याहून अधिक रक्कम गडप, आणि मग उरलेली हळूहळू झिजते. पगाराच्या खात्याचा आलेख मी रोज पाहतो, म्हणून सांगतो, हुबेहूब तसाच आहे.

पण याच माणसानं उपायही लिहून ठेवला. परीक्षेच्या आदल्या दिवशी ६८ वेळा घोकून जेवढं साधलं, तेवढंच आधीच्या तीन दिवसांत वाटून फक्त ३८ वेळांत साधलं. तीस फेऱ्या वाचल्या. आम्ही काउंटरवर बसून लोकांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आहोत, की एकदम मोठी रक्कम टाकायची वाट पाहू नका, रिकरिंग काढा. थोडं थोडं, पण ठरल्या तारखेला.

दुसरी नोंद १९१७ ची. आर्थर गेट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं शाळेतल्या मुलांना काही मजकूर पाठ करायला दिला. काही मुलांनी वेळ वाचण्यात घालवला, काहींनी कागदावरून नजर काढून ‘आता म्हणून बघू’ करण्यात. ज्यांनी निम्म्याहून जास्त वेळ म्हणून बघण्यात घालवला, त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं.

तिसरी नोंद अलीकडची, २००६ ची, आणि ती मला सर्वांत आवडते. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हा प्रयोग केला. वाचायला उतारे कुठले दिले, तर टोफेल या प्रवेशपरीक्षेच्या तयारीच्या पुस्तकातले. म्हणजे प्रकरण अगदी घरातलंच. एका गटानं उतारा चारही बैठकांत वाचतच राहून संपवल्या. दुसऱ्या गटानं तो एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढं होते : ८३ टक्के, लिहिणारे ७१. आठवड्यानं तपासलं, तर वाचणाऱ्यांकडे उरले ४० आणि लिहिणाऱ्यांकडे ६१! आणि गंमत अशी, की आपल्याला छान लक्षात राहील, असा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता.

वाचकहो, इथं माझ्यातल्या कारकुनाची पंचाईत झाली. वीस वर्षांहून अधिक काळ मी एकच नियम पाळत आलो : खात्यात पैसे भरले की शिल्लक वाढते, काढले की कमी होते. या नियमावर रिझर्व्ह बँकेपासून आमच्या पतपेढीपर्यंत सगळं जग उभं आहे. आणि इथं एक खातं असं निघालं, की पैसे भरून भरून शिल्लक जेमतेम; पण रोज काढायला गेलात की वाढते! वाचणं म्हणजे भरणा. पुस्तक मिटून आठवणं म्हणजे विड्रॉल. पुस्तकात पिवळ्या पेनानं रेघा मारत पाच वेळा वाचणारा विद्यार्थी हा नुसताच भरणा करणारा खातेदार. त्याला शिल्लक मोठी वाटते, कारण पासबुक समोर उघडं आहे. परीक्षेच्या खिडकीशी पासबुक काढून घेतात, आणि मग कळतं.

माझ्या आजीला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. पण दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढं बसवायची आणि परवचा म्हणून घ्यायची. पाढे, पावकी, निमकी, मग स्तोत्र. पुस्तकाला हात लावायचा नाही, आणि आजचा परवचा उद्यावर ढकलायचा नाही. एबिंगहाउसची वाटणी आणि गेट्सची नजर, दोन्ही तिथं निरांजनाच्या उजेडात हजर होती. सगळ्यांनी एका सुरात म्हणताना एखादा चुलतभाऊ नुसतेच ओठ हलवायचा. आजी त्याला एकट्याला म्हणायला लावायची. समूहात विड्रॉल होत नाही, ज्याचं खातं त्यानंच सही करायची, हे तिला पक्कं माहीत होतं.

तर आता मामांची मुलगी. जीआरईत शब्दसंग्रह लागतो. पूर्वी विरुद्धार्थी शब्दांचे वेगळे प्रश्न असत. ते २०११ साली गेले. पण रिकाम्या जागा भरायच्या तर शब्द यायलाच हवेत. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून तिनं शब्दांची यादी आणली, आणि गाडं अडलं ते शेकडो कार्डांवर. नेमकी त्याच सुमारास आमची बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली आणि जुन्या नावाच्या विड्रॉल स्लिपांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दी झाले. मामांनी साहेबांना विचारून ते घरी नेले. छापलेल्या बाजूच्या मोकळ्या जागेत शब्द, मागच्या कोऱ्या बाजूला मराठी अर्थ. शब्दसुद्धा देवनागरीत लिहिले होते. मी विचारलं, ‘इंग्रजी शब्द असे का गं?’ ती म्हणाली, ‘काका, विचारणार बाबा आहेत ना!’

रोज रात्री जेवणं झाली, की मामा चष्मा लावून परीक्षक व्हायचे. ‘पार्सिमोनियस?’ ‘कंजूष.’ स्लिप उलटून बघायचं, बरोबर असली की डाव्या डब्यात, चुकली की उजव्या. सातवी पास माणूस अमेरिकेतल्या विद्यापीठाची परीक्षा घेत होता आणि त्याला इंग्रजी यायची गरज नव्हती. बिस्किटांचे तीन डबे होते. चुकलेले शब्द रोज विचारायचे, एकदा बरोबर आलेले तीन दिवसांनी, दोनदा बरोबर आलेले आठवड्यानं. पुन्हा चुकला की परत पहिल्या डब्यात. ही डब्यांची युक्ती लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७२ साली पुस्तकातून लोकप्रिय केली. आमच्या भाषेत सांगायचं, तर मुदत ठेव आहे. मुदत संपली की पुढच्या मुदतीसाठी नूतनीकरण, आणि मोडली की पहिल्यापासून सुरुवात.

गणिताला डबे चालेनात. तिथं मी माझ्या खात्यातलं एक हत्यार दिलं. बँकेत ज्या रकमेचा हिशेब लागत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ती मिटेपर्यंत रोज कुणीतरी तिच्यामागं लागतं. तसं चुकलेल्या प्रत्येक गणिताला तिनं वहीत एक ओळ दिली : तारीख, प्रश्न, चूक कुठं झाली. सूत्र माहीत नव्हतं, की घाईत वाचलं, की वेळ संपला? दोन आठवड्यांनी वही बघितली, तर निम्म्या नोंदी एकाच प्रकारच्या : प्रश्नात विचारलं होतं एक आणि तिनं काढलं होतं दुसरं. सूत्रांची पुस्तकं आणखी आणायची गरजच नव्हती. नोंद मिटली असं कधी म्हणायचं? उत्तर वाचून पटलं तेव्हा नाही. चार दिवसांनी कोऱ्या कागदावर तेच गणित स्वतः सुटलं तेव्हा.

शेवटच्या महिन्यात पूर्ण परीक्षेची रंगीत तालीम. ज्यांनी एके काळी ‘अभ्यासाचा उपयोग नाही’ म्हणून सांगितलं, तीच संस्था आता सरावाच्या दोन परीक्षा फुकट देते! त्या तिनं अगदी घड्याळ लावून दिल्या. २०२३ च्या सप्टेंबरपासून ही परीक्षा लहान होऊन दोन तासांच्या आत, १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवायची नाही, हेही तिनं मामांना समजावून सांगितलं. मामांना ते आवडलं. ‘म्हणजे रिकाम्या हातानं परत यायचं नाही,’ ते म्हणाले.

परीक्षेच्या आदल्या रात्री ती अभ्यासाला बसलीच नाही. डबे बंद करून नऊला झोपली. मामाच जागे होते. दुसऱ्या दिवशी शाखेत त्यांनी एका ग्राहकाची फाइल दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली, चहा दोनदा आणला आणि साडेबारानंतर दर पाच मिनिटांनी खिशातला फोन काढून पाहिला. मी काही बोललो नाही. एकला फोन आला. पडद्यावर दिसलेले गुण तिनं सांगितले : शब्दांत १५८, गणितात १६७, प्रत्येकी १७० पैकी. मामांनी ते आकडे टोकनाच्या कागदावर लिहून घेतले आणि मला विचारलं, ‘साहेब, हे चांगलं का?’ मी म्हटलं, ‘मामा, हे फार चांगलं.’ मग ते स्टेशनरीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ स्टेशनरी शोधत राहिले.

मुलगी आता तिकडे आहे. विद्यापीठानं फी माफ करून कामही दिलं. मामा इथंच आहेत, आणि शब्द मामांपाशी राहिले आहेत. परवा काउंटरवरच्या एका गृहस्थांनी अर्धा तास आपल्या जावयाची कथा सांगितली. ते गेल्यावर मामा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, ‘गॅर्युलस माणूस.’ मी स्लिप उलटून बघायला हात पुढं केला, तर म्हणाले, ‘बघायला नको साहेब, दुसऱ्या डब्यातला आहे. बडबड्या.’

एक गठ्ठा अजून त्यांच्या खणात आहे. वरच्याच स्लिपवर आमच्या बँकेचं जुनं नाव आणि ‘कृपया मला द्या’ असं छापलेलं आहे. त्याखाली रकमेच्या जागी त्या मुलीच्या अक्षरात लिहिलंय, ‘टिनेशस’. मागची बाजू मी अजून पाहिलेली नाही. रोज येताजाता अर्थ आठवून बघतो.